आठ पट्ट्यांची टिटवी

जानराव पेटीवाल्यांनी मला फसवलं, हे मी आधीच सांगून टाकतो. शेवटपर्यंत झाकून ठेवण्यात मला मजा वाटत नाही. झाकाझाकीनंच माझा घात झाला आहे.

मी देवमन. शिरपूरच्या बस स्टँडजवळ माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. बायको वच्छला दौलतरावांच्या गायन पार्टीत गाते. मीही सहा वर्षं त्या पार्टीबरोबर हिंडलो, पण स्टेजच्या मागं, अॅम्प्लिफायरजवळ बसून. लोक टाळ्या वाजवायचे तेव्हा मला तिची नुसती पाठ दिसायची. एकदा तरी तिच्या शेजारी, लोकांसमोर बसून वाजवायचं, एवढंच माझं वेड होतं.

अठ्ठ्याहत्तर साली मी नागपूरहून आठ पायांची एक चिप मागवली. नखाएवढी वस्तू, पण तिच्यातून आवाज काढता येतो असं एका मासिकात वाचलं होतं. मेलेल्या रेडिओचा स्पीकर लावला, बॅटरी जोडली, बिस्किटांच्या डब्याचा पत्रा कापून पट्ट्या केल्या. पट्टी दाबली की पीं वाजायचं. प्रत्येक पट्टीला एक बारका स्क्रू होता, तो पेचकसानं फिरवला की आवाज चढायचा नाहीतर उतरायचा. गावानं ऐकल्याबरोबर तिचं नाव टिटवी ठेवलं. ठेवू देत. मला ती पेटीपेक्षा गोड वाटायची.

पण कोणता स्क्रू किती फिरवायचा? सूर म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं. वच्छला म्हणाली, "जानरावबाबाईले इचारा. मले त्याईनंच शिकोलं."

जानराव तिच्या माहेरचे, केनवडचे, पार्टीत पेटी वाजवणारे. साठी उलटलेले, घरात एकटे. म्हातारा मला जावई मानायचा. टिटवी मांडीवर घेऊन मी त्यांच्यासमोर बसलो.

"जवाईबापू, सूर सात," ते म्हणाले. "आठवा तो पह्यलाच, वरच्या मजल्यावरचा. वच्छलेचा सा हा, काळी चार." तिथून ते पेटीवर काही काळ्या, काही पांढऱ्या पट्ट्या दाबत वर चढले. एकेका सुरावर थांबले आणि मी स्क्रू फिरवत राहिलो. दोन आवाज जवळ आले की हवेत थरथर व्हायची, जुळले की थांबायची. ती थांबली की आम्ही दोघंही हसायचो. मधल्या पाच पट्ट्यांना मात्र त्यांनी बोट लावलं नाही.

"ह्या कायले?" मी विचारलं.

"त्या दुसऱ्या गळ्याच्या. आपल्या वच्छलेले त्या लागत नाईत."

मी रेडिओवाला माणूस, सहज विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पार्टीतले पुंजाजी गायला बसले तेव्हा मी म्हाताऱ्याच्या बोटांवर नजर ठेवली. त्यांनी सा दुसऱ्या पट्टीवर सरकवला आणि कालच्या राहिलेल्या पट्ट्या दाबल्या. पटलं मला. टिटवीला आठच पट्ट्या पुरेत.

दौलतरावांनी अट घातली. "केनवडच्या जयंतीले पह्यलं गाणं टिटवीवर. जमलं त तू पार्टीत. नाई जमलं त माइक सांभाळ, मंग हट्ट करू नको."

दोन महिने मी एकच गाणं घोटलं. वच्छला चुलीपाशी भाकरी थापत गायची, मी ओट्यावर वाजवायचो. एक सूर चुकायचा नाही. तिनं दुसरं गाणं धरलं आणि मी टिटवी ओढली की ती थांबायची. "थे राहू द्या. जयंतीले हेच हाये." माझी काळजी करते, असं मला वाटायचं.

चौदा एप्रिलला केनवडात मांडव भरला होता. सासू, मेहुणे, सारे पुढच्या ओळीत. पंचशील झालं. मी आयुष्यात पहिल्यांदा वच्छलेच्या शेजारी बसलो. जानराव कडेला, पेटी बंद करून. वच्छलेनं सुरुवात केली, आणि ते आमचं गाणं नव्हतं.

तेही ऐकलेलं होतं, म्हणून मी मागं धावलो. दुसऱ्या ओळीत तिचा आवाज अशा जागी उतरला की माझा ग चढा पडला. खालचा रे दाबला, तो उतरला. तिचा सूर दोघांच्या मधे होता आणि माझ्याकडे मधे काहीच नव्हतं. मी दोन्ही पट्ट्या आळीपाळीनं दाबत सुटलो. मागून कोणी म्हणालं, "टिटवी बोंबलून राह्यली." मांडव हसला. मेहुणाही हसला.

दौलतरावांनी मला हातानं थांबवलं. जानरावांनी शांतपणे भाता उघडला आणि तो सूर दिला. मी त्यांचं बोट पाहिलं. दुसऱ्या गळ्याची म्हणून सांगितलेली पट्टी होती, आणि गात होती वच्छला. मी तिथंच बसून सा पासून सा पर्यंत मोजलं. सूर सात नव्हते. बारा होते.

केसानं गळा कापला म्हाताऱ्यानं. मी उठून पुन्हा अॅम्प्लिफायरजवळ जाऊन बसलो.

परतीच्या एस.टी.त टिटवी मांडीवर होती. "त्याईनं मले पाच सूर सांगतलेच नाईत," मी म्हणालो. वच्छला खिडकीबाहेर बघत होती.

"तुले मालूम होतं?"

"हो."

"कवापासून?"

"तुमी पह्यल्या दिवशी वाजोली तवापासून."

"आन आजचं गाणं कोनं बदललं? म्हाताऱ्यानं?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "म्या. टिटवी चालली आन पेटी बंद पडली त बाबाईले कोन जेवाले बोलावन? तुमच्यापाशी रेडिओ हायेत."

जानरावांवरचा राग तिथंच निम्मा झाला. म्हाताऱ्यानं पोटासाठी खोटं बोलावं, हे मला समजू शकतं. पण दोन महिने भाकरी थापताना ही माझ्यासोबत गात होती आणि मी कुठं पडणार, ती जागा हिला माहीत होती. ते मला तेव्हाही समजलं नाही, आजही समजत नाही.

पुढच्या आठवड्यात मी पाच पट्ट्या आणखी बसवल्या. कोणाला विचारलं नाही. थरथर ऐकायची सवय झाली होती, दुकानात दुरुस्तीला आलेल्या एका जुन्या पेटीवर जुळवून घेतल्या. सकाळी ओट्यावर बसून केनवडचं ते गाणं वाजवलं. दुसरी ओळ आली, मधली पट्टी दाबली आणि सूर बरोबर त्या जागी बसला.

आत तव्यावर भाकरी होती. वच्छलेनं नकळत गळा लावला. टिटवी आणि ती, दोन्ही आवाज इतके जुळले की थरथर नावालाही नव्हती. ह्याच एका गोष्टीसाठी मी सहा वर्षं झुरलो होतो. पण ते दोन महिनेही ती अशीच जुळून गात होती.

मी बॅटरीची वायर काढली. ती एक ओळ एकटीच गायली आणि मग थांबली.