भोंग्यानंतरची थप्पड

मी शिट्टी बोलतेय. बोलतेय कसली, जन्मभर किंचाळतच आले. आज जरा हळू सांगते.

कारखान्यात पोटात बुचाची गोळी पडली आणि मला कंठ फुटला. असफी शहराच्या बाजारातून बुशाइब मास्तरांनी मला घरी नेलं. मास्तर शाळेत गणित शिकवतात आणि रमजानात समुद्रकाठच्या मैदानावर मोहल्ल्यांच्या मॅचेस चालवतात. बारा वर्षं मी त्यांच्या गळ्यात आहे.

या मॅचेस रोजा सुटायच्या आधीच्या तासात होतात. बावीस उपाशी माणसं, त्यात निम्म्यांना सिगारेटची तलफ! त्या वेळी कोणी खेकसलं तर लोक म्हणतात, "रमजान चढलाय त्याला," आणि सोडून देतात. मीही पुष्कळदा सोडून दिलं.

यंदा उपांत्य सामन्यात कुंभारटेकडीनं बंदरवाल्यांना हरवलं. मॅच लांबली होती. मॅच संपल्याची खूण म्हणून मी तिसऱ्यांदा वाजले आणि रोजा सुटल्याचा भोंगाही झाला. सगळ्यांचे हात खिशातल्या खजुरांकडे गेले. मास्तरांनीही मला तोंडातून काढलं आणि खजूर टाकला. चूक झाली ती इथेच.

बंदरचा गोलकीपर अय्यूब कुंभारटेकडीच्या जवादला हसून म्हणाला, "पेनल्टी मारलीस की कबुतरं उडवलीस?"

फाडकन थप्पड! अय्यूबचा ओठ फाटला. मास्तरांचं तोंड भरलेलं, मी छातीवर मुकी लोंबकळत. त्यांनी घास गिळेपर्यंत मंडळी घरी सूप प्यायला पळालीसुद्धा. लाल कार्ड खिशातच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हाज मिलूद न्हाव्यांच्या दुकानात बैठक बसली; जवाद आणि अय्यूबलाही बोलावलं होतं. स्पर्धेचे प्रमुख तेच, आणि राहायला कुंभारटेकडीवर. जवादशिवाय अंतिम सामना म्हणजे मिठाशिवाय जेवण, हे त्यांना कळत होतं.

"मास्तर, शिट्टी तुम्हीच मारलीत," गिऱ्हाइकाच्या गालाला साबण फासत हाज म्हणाले. "त्यानंतर ती दोन पोरं रस्त्यावरची. आपला काय संबंध?"

मास्तरांनी मला गळ्यातून काढलं आणि वस्तऱ्यांशेजारी ठेवलं.

"मग ही तुम्हीच सांभाळा, हाज. शिट्टीनंतर हात मोकळे होणार असतील, तर मी मॅच संपवत नाही, मारामारी सुरू करून देतो. मला नाही जमायचं."

माझं तर काळीजच फाटलं. मास्तरांशिवाय मला कोण वाजवणार?

हाज गडबडले. "अहो, रागावू नका! जवाद, रमजान चढला होता ना रे तुला?"

"हो तर, हाज! पोटात नुसती आग पडली होती."

कोपऱ्यातून अय्यूब सुजलेल्या ओठांनी बोलला, "थपडेआधी याच्या तोंडातली खजुराची बी माझ्या गालावर बसली."

हाजांचा वस्तरा थांबला. "काय रे, भोंग्याआधीच खाल्लास?"

"तोबा, तोबा! नाही हो हाज, भोंगा झाल्यावरच!"

"म्हणजे रोजा सुटला होता. मग आग कसली पडली होती पोटात?"

अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक खो खो हसायला लागलं. जवादचे कान लाल झाले. 

"खाऊनच मारलं, हाज," तो शेवटी म्हणाला. "पेनल्टी हुकली होती, त्याचा राग होता."

हाजांनी मोठा सुस्कारा सोडला. "अंतिम सामना बाहेरून बघायचा. आणि मास्तर, उचला ती तुमची शिट्टी. माझ्या वस्तऱ्यांत तिचं काय काम?"

अंतिम सामन्यात कुंभारटेकडी दोन गोलांनी हरली. मी तिसऱ्यांदा वाजले मात्र, त्यांचे पाचसहा जण मास्तरांच्याच अंगावर धावून आले. "तुमच्यामुळे हरलो!" मास्तरांचं काळीज माझ्या पाठीशी धडधडत होतं. तेवढ्यात रेषेबाहेरून साध्या कपड्यांतला एकजण आला आणि हात पसरून मध्ये उभा राहिला. जवाद!

"मागं व्हा रे! मॅच संपलीय, मास्तर संपले नाहीत!"

मुलं थांबली. कोणी पाणी पुढे केलं, कोणी मास्तरांची टोपी उचलून दिली. मी किती खूष झाले म्हणून सांगू! माझी कड झिजलीय, आवाज जरा फाटलाय, पण अजून चारसहा रमजान सहज निघतील. तुमच्या मैदानावरही माझी एखादी बहीण असेलच. तिची शेवटची हाक आली की पाय थांबवा. हात त्याआधीच थांबलेले असू द्या.