शर्वरीच्या नावाचं वजन

मित्रांनो, मी एक जुना पाळणा आहे आणि मला कुरकुरायची सवय आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. लाकूड म्हटलं की कुरकुर आलीच! पण माझ्या कुरकुरीला या घरात फारशी किंमत मिळाली नाही, आणि त्यापायी एका बारशाच्या दिवशी काय प्रसंग ओढवला होता, ते ऐकाल तर तुमच्याही अंगावर काटा येईल.

माझा जन्म वालचंदनगरचा. तिथल्या कॉलनीत दारं-खिडक्या करणारे संभाजी सुतार होते, त्यांनी मला सागवानातून घडवलं. भिगवणजवळच्या वाडीत राहणाऱ्या रावजींना पहिली मुलगी झाली, तेव्हा ते मला टेम्पोत दुधीभोपळ्याच्या पोत्यांवर ठेवून घरी घेऊन आले. ती मुलगी म्हणजे अनिता. पुढं चार वर्षांनी तिचा भाऊ यशराज झाला आणि त्याला झोके द्यायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. झोका देता देता ती माझ्या कठड्यावर गाल टेकायची आणि ओरडायची, "आबा, पाळणा बोलतोय!" रावजी हसायचे. मला मात्र फार बरं वाटायचं. अख्ख्या घरात माझं ऐकणारं तेवढं एकच माणूस होतं.

मुलं मोठी झाली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथं माझ्यात कांदे ठेवले. कांदे! ज्या कुशीत दोन लेकरं वाढवली, तिथं कांद्याला कोंब फुटलेले मी बघितले. पण वस्तूच्या जातीला रुसून भागत नाही. अनिता लग्न होऊन इंदापूरला गेली. यशराज बारामती एमआयडीसीत दुकानांच्या लायटीच्या पाट्या बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये लागला. रोज मोटारसायकलवरून जाऊन यायचा. त्याचं सोनलशी लग्न झालं आणि वर्षभरात मला पुन्हा खाली काढलं.

मला घासूनपुसून अंगणात उन्हाला ठेवलं होतं. आता बाळ येणार म्हणून मी कड्या वाजवायला उतावीळ झालो होतो. पण ते बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. सोनल रिकाम्या हातानं परत आली, माझ्यावरून नजर फिरवली आणि सरळ आत गेली. मला उचलून आत न्यायला कुणाचा हात धजला नाही. मी अख्खा उन्हाळा अंगणात पडून राहिलो. उन्हानं तापलो, वळवानं भिजलो, आणि माझ्या एका कोपऱ्याच्या सांध्याला आत चीर गेली. नंतर कधीतरी रावजींनी मला मुकाट्यानं माळ्यावर ठेवलं. चीर कुणी बघितली नाही. घरात इतकं मोठं दुःख, पाळण्याची चीर कोण बघतंय?

मग शर्वरी आली.

नाव अनितानंच सुचवलं होतं. आमच्याकडं नाव ठेवायचा मान आत्याचा. फोनवर नाव ऐकून यशराज खूश झाला, सोनलही खूश झाली. पण सोनलच्या मनात भीती घर करून होती. तिची बहीण स्वप्नाली पुण्यात कुणा अंकशास्त्र्याकडं जाऊन आली. त्यानं सांगितलं की नाव छान आहे, पण इंग्रजीत लिहिताना अक्षरं वाढवा, म्हणजे मुलीला आयुष्य लाभेल. झालं! एस, एच, डबल ए, डबल आर, व्ही, पुन्हा डबल ए, पुन्हा डबल आर, डबल आय, आणि सगळ्यांच्या शेवटी एक मुका एच. म्हणायला शर्वरी, लिहायला हे भलंमोठं लांबण.

यशराजनं ती अक्षरं स्वतःच्या हातानं बनवली. थर्माकोलची नाहीत, खऱ्या लोखंडी पत्र्याची, आत बल्ब लावलेली, दुकानाच्या पाटीला शोभतील अशी. सुट्टीच्या दिवशी वर्कशॉपमध्ये बसून एकेक अक्षर कापलं, घासलं, रंगवलं. बापाची माया होती ती, तिला मी नावं ठेवणार नाही. पण पाट्या भिंतीवर लावायची सवय असलेला माणूस तो! आपण आज भिंतीवर नाही, लोंबत्या पाळण्यावर लावतोय, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. छताचा आकडा त्यानं लोंबकळून तपासला. साखळ्या ओढून बघितल्या. माझ्या अंगावरचे खड्डे पुट्टीनं बुजवले, त्यात ती चीरही बुजली, आणि वरून गुलाबी रंग मारला. सगळी अक्षरं एका पट्टीवर जोडून पट्टी माझ्या पुढच्या कठड्याला पक्की आवळली. वर माझ्या कड्यांत तेल ओतलं, कारण व्हिडिओत कुरकुर यायला नको. मित्रांनो, मला सजवलं, मला ओझं दिलं आणि माझी वाचाही बंद केली.

बारशाला अंगणात मांडव, चुलीवर घुगऱ्या, आणि दारात हे एवढे स्पीकर. अनिता इंदापूरहून आली ती आधी माझ्याकडं. झगमगती अक्षरं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचत गेली.

"यशा, हे लेकीचं नाव हाय का भिगवण ठेसनावरची मालगाडी? डब्याला डबा जोडत सुटलायस!"

"ताई, नाव तेच हाय. फकस्त स्पेलिंग बदललंय."

"का? मी दिलेलं कमी पडलं व्हय?"

स्वप्नाली मध्ये पडली, "पुण्याच्या गुरुजींनी सांगितलंय हो, आयुष्य वाढतं."

"मग नावपण त्यांच्याकडनंच ठेवून घ्या," असं म्हणून अनिता तरातरा बाहेर गेली आणि खिडकीखालच्या ओट्यावर जाऊन बसली.

इकडं बायका जमल्या. पाळणा म्हणून झाला. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" करत लेकरू माझ्याखालून इकडून तिकडं गेलं, आणि मग ते कापसाएवढं ओझं माझ्या कुशीत आलं. तेवढंच ओझं असतं तर मी जन्मभर पेललं असतं. पण एका अंगाला लोखंडाची अक्षरं होती. पुट्टीच्या आत माझी चीर सरकली. थोडी सरकली, मग आणखी थोडी. मी कुरकुरायला गेलो, तर तेलानं आवाजच निघेना. स्पीकरवर गाणं दणाणत होतं. फोटोवाला सारखा म्हणत होता, "नाव पूर्ण दिसू द्या, बाजूला व्हा." सगळ्यांचं लक्ष अक्षरांकडं! अरे बघा रे कुणीतरी माझ्याकडं, माझ्या कोपऱ्याकडं बघा!

स्वप्नालीनं माईक उचलला. "आत्या रुसल्यात, तर मीच माईकवर नाव जाहीर करते."

रावजी उठून उभे राहिले. "आत्याबिगर नाव? आमच्यात न्हाय तसं. थांबायचं."

थांबायचं म्हणजे लेकरू तेवढा वेळ माझ्यात राहायचं. आणि न थांबावं तर नाव माईकवरच जाहीर होणार, मग कुणी माझ्याजवळ वाकणारच नव्हतं. माझी अवस्था काय झाली असेल, तुम्हीच सांगा.

तेवढ्यात सोनल उठली. कानाला स्कार्फ बांधलेली, अंगावर शाल घेतलेली ओली बाळंतीण, भिंतीचा आधार घेत ओट्यावर गेली. गाणं चालू असलं तरी ओटा खिडकीला लागूनच होता, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"वन्सं, तुमचं नाव कमी पडलं म्हणून न्हाय केलं," ती म्हणाली. "पहिल्याच्या वेळी त्याला नावसुद्धा देता आलं न्हाय. आता एक अक्षर जरी ऱ्हायलं आणि काय झालं, तर मी कुणाकडं बघू? म्हणून सांगितली तेवढी सगळी घातली. मला भ्या वाटतंय वन्सं."

अनितानं सरकून तिला शेजारी बसवून घेतलं. मग म्हणाली, "अगं बाई, मग आधी का न्हाय बोललीस?"

"कुणी इचारलंच न्हाय."

अनितानं तिचा हात धरला आणि दोघी आत आल्या. लगेच बायकांनी पदर खोचले. आत्या नाव सांगायला वाकली की तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या, ही आमच्याकडची हौस. एरवी मलाही ती गंमत आवडते. त्या क्षणी मात्र मला त्या सगळ्या बायकांचा भयंकर राग आला. अनिता वाकली. लहानपणी टेकायची तसाच गाल तिनं माझ्या कठड्यावर टेकला.

"कुर्रर्र..." तिनं लेकराच्या कानाशी सुरुवात केली.

पहिली बुक्की बसली. कठडा खाली दबला. दुसरी बसली. माझ्या आत कट् असा आवाज झाला. एवढ्या दणदणाटात तो कुणालाच ऐकू गेला नाही, पण तिचा कान माझ्या लाकडाला होता.

अनिता थिजली. दुसऱ्याच क्षणी "थांबा!" म्हणून ओरडली आणि दुपट्यासकट लेकरू उचलून छातीशी धरलं. ती मागं सरली न सरली तोच माझा कोपरा निखळला. मी एका अंगावर कलंडलो आणि ती सगळी अक्षरं फरशीवर आदळली. बल्ब फुटले. काचा भिंतीपर्यंत उडाल्या. कुणीतरी गाणं बंद केलं आणि शर्वरीचं रडणं ऐकू यायला लागलं. सोनल भिंतीला टेकून खाली बसली.

यशराज वाकड्या झालेल्या पत्र्याकडं बघत राहिला. "मीच लावली... माझ्या हातानं," एवढंच म्हणत होता. रावजींनी माझा तुटका कोपरा हातात घेतला, नखानं गुलाबी रंग खरवडला, पुट्टी खरवडली. खाली जुनी काळी पडलेली चीर होती.

"आता केलेलं न्हाय हे," ते म्हणाले. "त्या उन्हाळ्यात अंगणात ऱ्हायला हा. आपल्यातलं कुणी उचलाय गेलं न्हाय."

त्या उन्हाळ्याचं नाव घरात पहिल्यांदाच निघालं होतं. सोनलनं डोळ्यांना पदर लावला, आणि यशराज काचा चुकवत तिच्याजवळ जाऊन बसला.

अनितानं रडणारी शर्वरी खांद्याशी घेऊन शांत केली आणि पाळण्याबिगरच तिच्या कानात नाव सांगितलं. घरात इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं. पण कुणी हललं नाही. तेव्हा सोनलच उठली आणि तिनं अनिताच्या पाठीत हलकेच एक बुक्की मारली. "ही ऱ्हायली व्हती, वन्सं." मग दोघी एकमेकींना धरून हसल्या आणि रडल्याही.

आता मी बरा आहे. इंदापूरच्या सुतारानं मला नवा कोपरा बसवलाय आणि रंग पार काढून टाकलाय. अक्षरं यशराजनं दुरुस्त करून घराच्या पुढच्या भिंतीवर लावली, जिथं लावायची त्याला सवय आहे. शेवटचा मुका एच फार चेपला होता, म्हणून तो त्यानं बाजूला ठेवून दिला होता. तर अनिताच म्हणाली, "तोपण लाव रं. आईचं भ्या हाय ते. भ्यालासुद्धा जागा लागती."

मित्रांनो, तुमच्या लेकरांची नावं तुम्ही हवी तशी लिहा, माझी ना नाही. पण लेकरू निजवण्याआधी पाळण्याचे चारही कोपरे एकदा हातानं चाचपून बघा. माझ्या कड्यांत आता कुणी तेल घालत नाही. मी मनसोक्त कुरकुरतो आणि शर्वरी खुशाल झोपते. तुमच्याही घरात कुणीतरी असं कुरकुरत असेल. एखाद्या वेळी कुणी नुसतंच गप्पही बसलेलं असेल. त्याच्याजवळ जरा गाल टेकून ऐका, एवढंच या म्हाताऱ्या पाळण्याचं मागणं आहे.