मयत उद्या चारपर्यंतच थांबेल

वसईत सिसिलियाचे पप्पा दोन दिवस शवागारात पडून होते. गावची रीतच तशी, गल्फातलं पोर पोचल्याशिवाय पेटी उचलायची नाही. पण उद्या शुक्रवारी चारला फादर मिस्सा घेणार. त्यापुढे कुणी थांबणार नव्हतं. आणि सिसिलियाचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.

कंपनी घरोघर नर्सा पुरवायची. बहारीनच्या उम्म अल हस्सम वस्तीत सिसिलिया जिला सांभाळायची ती म्हातारी म्हणजे ओडेसा ब्रॅनम. तिच्या अमेरिकन जिल्ह्यात न्यायाधीशाच्या खुर्चीत बसलेली पहिली काळी बाई. आई गोऱ्यांची धुणी धुवायची. ही वकील होऊन कोर्टात गेली तर शिपायाने विचारलं, झाडू कुठाय? पुढे तोच शिपाई तिच्यासाठी दार धरून उभा राहायचा. आता मुलाच्या नोकरीपायी इथे, चाकाच्या खुर्चीत.

"रजा दिली?" म्हातारीने विचारलं.

"साहेब रविवारी येणार म्हणे. मग पासपोर्ट. इंशाल्ला."

"गुन्हा आहे हा! लाव कंपनीला फोन."

फोनवरचा माणूस मधासारखा गोड. "मॅडम, तिनेच ठेवायला दिलाय. सही आहे, पाठवतो."

कागद मोबाईलवर आला. 'मी माझ्या मर्जीने पासपोर्ट कंपनीकडे ठेवत आहे.' खाली सिसिलियाची वळणदार सही.

"वाचलं नव्हतंस?"

"विमानातून उतरवून रांगेत उभं केलं, मॅडम. पुढच्या चौदा जणींनी सही केली. मीच तेवढी विचारणारी कोण मोठी जज?"

"माझ्या कोर्टात मी हा कागद फेकून दिला असता."

"तुमचं कोर्ट इथे मफी. नाहीच."

म्हातारीला लागलं ते.

"माझी आई गेली तेव्हा मला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसून महिना झाला होता. एक दिवस मागितला असता तर म्हणाले असते, बघा, बायका अशाच. नाही मागितला. बहिणींनी पुरली तिला. बत्तीस वर्षं लोकांना न्याय दिला, सिसिलिया. आईचं तोंड नाही बघितलं." मग ताठ होऊन म्हणाली, "तक्रार करू. आपण जिंकू."

"कधी?"

"काही आठवडे लागतील."

कायदा येतो हो, नाही असं नाही. मयताच्या मागून चालत येतो.

तेवढ्यात भावाचा फोन. "बाय, फादर विचारतायत. तिकीट झालं?"

पासपोर्टचं तिच्या तोंडातून निघेना. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, सिसिलियाची नोकरी फर्स्ट क्लास.

"सीट नाही मिळाली, लान्सी. पुरा त्यांना."

पलीकडे कुणीतरी रडत होतं. लान्सी नव्हे. त्याचा आवाज कोरडा होता.

"सौदीवालेसुद्धा येतात गं बापाला मूठमाती द्यायला. असो. तू सांभाळ तुझी नोकरी."

फोन बंद झाला. म्हातारीने हात पुढे केला. सिसिलियाने तो धरला नाही. गोळीची वेळ झाली होती. ती पाणी आणायला गेली.