धुलाई चुकली तर

लिंबायतच्या विशाखाला जिवाणूंनी अगदी जेरीस आणलं होतं. डोळ्यांना न दिसणारी पिलावळ, पण नीटच्या तीन सराव चाचण्यांत तिने एकाच प्रश्नावर माती खाल्ली होती! ग्रॅम पॉझिटिव्ह जांभळे दिसतात की गुलाबी? घरी घोकायची आणि ऐनवेळी उलटं लिहून यायची. रविवारच्या चाचणीवरून क्लासची पहिली बॅच ठरणार होती. त्या यादीत नाव आलं नाही, तर यंदाही डॉक्टरकीचं काही खरं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी तिचे वडील, आबा, सचिन वसाहतीतल्या डाईंगमधून, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमधून, आले. बोटं नेहमीसारखी रंगलेली. बशीत चहा ओतत म्हणाले, "काय घोकू राहिली, पोरी?"

"जिवाणू, आबा. ओळखायला रंगवतात त्यांना. आधी सगळे जांभळ्या रंगात, मग आयोडीन, मग अल्कोहोल, मग गुलाबी."

"अरे देवा, त्यांनाबी दारू!" आबा हसले, आणि एकदम बशी खाली ठेवून पुढे सरकले. "थांब. आयोडीन म्हंजे आपलं फिक्सर, रंग पक्का करायचं. अल्कोहोल म्हंजे धुलाई. पण धुलाईत रंग सुटतो कोणाचा? आन का?"

का? हे तर तिने स्वतःला कधी विचारलंच नव्हतं! तिने भराभर पानं उलटली. "पॉझिटिव्हची भिंत जाड असते. निगेटिव्हची पातळ."

"मंग झालं की! जाड कापड रंग धरून ठेवतं. पातळ सोडतं, आन दुसरा रंग पितं. बावीस वर्षं काय करू राहिलो मी?" मग हळूच म्हणाले, "एवढ्याशा जिवाला भिंत? बघायला भेटंल का गं?"

रविवारी प्रश्न आला तो भलताच. अल्कोहोल वापरायचं राहून गेलं, तर ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू कसे दिसतील? घोकलेलं काहीच कामाचं नव्हतं. विशाखाला आबांची मिल आठवली. धुलाईच नाही, तर रंग सुटणार कसा? सगळेच जांभळे! तिने बेधडक खूण केली.

सोमवारी यादी लागली. पहिल्या बॅचमध्ये विशाखाचं नाव अकरावं. सर वर्गात म्हणाले, "विशाखा, तो जांभळ्याचा प्रश्न तुला एकटीला जमला. कोणी शिकवलं?"

क्लासच्या फॉर्मवर वडिलांच्या कामापुढे तिने नुसतं 'कंपनीत' लिहिलं होतं. आता तिचे कान तापले, पण ती उभी राहिली.

"माझ्या आबांनी, सर. ते डाईंगमध्ये रंगारी आहेत. आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून जिवाणू बघायचेत. एकदा घेऊन येऊ का त्यांना?"