हातोडीचा मान

मी एक जुना लाकडी ठसा आहे. मुठीएवढा, अक्रोडाच्या लाकडाचा आणि खरे सांगायचे तर स्वभावाने जळकुकडा.

मित्रांनो, माझे सारे आयुष्य हलब शहरात, हाज बुरहान यांच्या साबणाच्या कारखान्यात गेले. ऑलिव्हच्या तेलाचा साबण शिजवून जमिनीवर ओतला, की दुसऱ्या दिवशी त्याच्या वड्या पाडतात. मग ठसे मारणारा कारागीर अबू सुहैल उकिडवा बसायचा, मला वडीवर ठेवायचा आणि हातोडीचा एक घाव घालायचा. वडीवर घराण्याचे नाव उमटायचे. पुढे नऊ महिने त्या वड्या वाळायच्या. दिवसाला हजारो घाव मी खाल्ले. बाजारात लोक आधी नाव बघून मगच साबण घेत, हे ऐकून मी फुगून जाई.

मग सरकारने परवान्यांची गाठ सैल केली. आजवर एक पेटी परदेशी पाठवायची तर दहा कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत. आता ज्याच्यात धमक असेल त्याने खुशाल व्यापार करावा. हाजसाहेबांची मुलगी लुजैन फ्रेंच शिकलेली. तिने फ्रान्समधल्या एका व्यापारी बाईंना पत्र लिहून मोठी मागणी मिळवली.

"बाबा, हे नाही जमलं तर विका कारखाना त्या जागेसाठी मागे लागलेल्या हॉटेलवाल्याला," ती म्हणाली. "पण एकदा करून तर बघू."

"आपलं नाव तिकडं वाचणार कोण?"

"म्हणून तर नवा ठसा करायचा. त्यांच्या अक्षरांचा."

तो आला. पितळेचा, चकचकीत, नवरदेवासारखा नटलेला. मला फळीवर ठेवले आणि माझी हातोडी त्याला दिली.

"काय सुरेख उठलंय," पहिलीच वडी उचलून अबू सुहैल म्हणाला. "आमच्या म्हाताऱ्याला जन्मात जमलं नसतं."

म्हातारा म्हणजे मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पण एक गोष्ट मला ठाऊक होती. ओल्या साबणावर कुठलेही अक्षर देखणे दिसते. वाळताना वडी आक्रसते, म्हणून माझ्या सुताराने माझी अक्षरे रुंद आणि खोल कोरली होती. ती पितळी नाजूक नक्षी टिकणार नव्हती. मित्रांनो, ठशाला बोलता येत नाही. बोलता आले असते, तरी मी बोललो नसतो. नऊ महिने मी फळीवर मनातल्या मनात हसत बसलो.

फ्रान्सहून त्या व्यापारी बाई आल्या. त्यांनी वडी उजेडात धरली. अक्षरांच्या जागी नुसत्या सुरकुत्या होत्या. लुजैनचा चेहरा पडला.

"चूक माझी," अबू सुहैल म्हणाला. "तीस वर्षं ठसे मारतोय, आणि ओल्या साबणावर भाळलो."

"हॉटेलवाल्याला निरोप धाडतो," हाजसाहेब म्हणाले आणि मट्कन खाली बसले.

तेव्हा कुठे माझे हसू विरले. कारखानाच गेला, तर हातोडी कुणालाच मिळणार नव्हती.

बाई मात्र कोपऱ्यातल्या आदल्या वर्षीच्या ढिगाकडे गेल्या. त्या वड्या माझ्या. एक उचलून त्यांनी नावावरून अंगठा फिरवला आणि काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" हाजसाहेबांनी विचारले.

"म्हणतात, हाच पाठवा," लुजैन म्हणाली. " वाचता नाही आलं, तरी बोटाला नाव लागतं. पुढच्या वर्षी दुप्पट हवाय."

दुप्पट मालाला एक ठसा कसा पुरणार? सुताराने माझ्यावरून सहा नवे ठसे कोरले. मला वाटले, मी त्यांचा म्होरक्या होईन.

"ह्याला आता हातोडी लावायची नाही," हाजसाहेबांनी बजावले. "चिरला तर नमुना कुठून आणायचा?"

त्यांनी मला भिंतीवर काचेमागे बसवले. परदेशी व्यापारी येतात, माझे फोटो काढतात. लुजैन रोज मऊ फडक्याने काच पुसते. खाली मात्र अबू सुहैल त्या सहा पोरट्यांना आळीपाळीने हातोडी देतो. चेहरा माझा, नाव माझे, आणि घाव त्यांना. पितळेच्या ठशावर जळलो नसेन इतका मी त्यांच्यावर जळतो.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे मीही सांगतो. पण काळजी म्हणजे नुसते पुसणे नव्हे. कधी हलबला आलात, तर ती काच उघडा आणि मला अबू सुहैलच्या हाती द्या. एकच वडी, एकच घाव. चिरलो तर चिरलो.