रामकृष्ण काकाजींच्या मायक्रोवेव्हची शर्त

शर्त अशी लागली: संध्याकाळपर्यंत मायक्रोवेव्ह सुरू झाला, तर रामकृष्ण काकाजींनी चौकात खुर्चीवर उभं राहून ओरडायचं, समता कॉलोनीतला सगळ्यात मोठा गाढव मीच. नाही झाला, तर शेजारच्या हरिदासनं.

"भंगार झालं ते," रेल्वेतून रिटायर झालेले काकाजी म्हणाले. "दार लावा, बटन दाबा, ढिम्म!"

"मंग लावा ना शर्त! भेऊन राहिले काय?" हरिदासनं डिवचलं.

"मी भेतो? लाव!"

साक्षीदार हरिदासची बायको शेवंता. तिनं हसू दाबलं. काकाजी कोणाची फुकट मदत घेत नसत. शर्त म्हटली की मात्र म्हातारा पेटायचा.

आणि मदत आजच पाहिजे होती. काकाजींचे हात थरथरतात म्हणून पोरानं, सुशीलनं, गॅस बंद करून टाकला होता. चहा, खिचडी, सगळं त्या डब्यावर. आता डबाही बंद. आज सुशील नवा रायपूरहून त्यांना न्यायलाच येणार होता. काकाजींची बॅग मात्र पलंगाखाली रिकामीच पडली होती.

हरिदास प्लांटमधला इलेक्ट्रिशियन. त्यानं प्लग काढला, झाकण उघडलं, आत साठलेला करंट उतरवला, मगच हात घातला. दाराचे आकडे आत जाऊन बारके स्विच दाबतात, तेव्हाच मशीन हलतं. एक स्विच टिक वाजला. दुसरा मुका.

"पहा काकाजी! एवढंसं पोट्टं रुसलं, अन् तुम्ही अख्ख्या घराले भंगार म्हणून राहिले!"

जुना स्विच खिशात टाकून तो रायपूरच्या पंडरी बाजारात पळाला. दुकानदारानं दिलेला स्विच हुबेहूब तसाच दिसत होता. हरिदासनं मीटर लावला, तर स्विच न दाबताच मीटर वाजला; वाजायला हवा होता दाबल्यावर.

"भैया, ये तो उल्टा है. लगाता तो फ्यूज उड़ जाता."

दुकानदारानं तोंड वाकडं करत दुसरा काढला. तो बरोबर निघाला.

स्विच बसला, कपभर पाणी गरम झालं. काकाजी बाहेर व्हरांड्यात रस्त्याकडे डोळे लावून बसलेले. हरिदासला मस्करीची जुनी खाज सुटली. तोंड पाडून तो बाहेर आला.

"हरलो काकाजी. नाही झालं."

जिंकलेला माणूस उड्या मारतो. काकाजी नुसतं खुर्चीच्या हातावर बोट फिरवत राहिले.

"असू दे. मेहनत तर केली तू. ते गाढव-बिढव राहू दे आता. चाल, पाणी पिऊन जा."

हरिदासनं त्यांचा हात धरला. "अहो नाही, काकाजी! मजाक केली! चालू झालं! चला, हात लावून पहा!"

काकाजींनी थरथरत्या हातानं दार लावलं. टिक. बटन दाबलं, ताटली फिरायला लागली. "बदमाश!" म्हणत त्यांनी हरिदासच्या पाठीत धपाटा घातला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

सुशील आला, तेव्हा बापानं स्वतः केलेला चहा समोर आला. त्यानं घोट घेतला. उठून मशीनचं दार उघडून-लावून पाहिलं.

"ठीक है बाबा, यहीं रहो. पर रोज फोन करना."

"हव, करीन ना!"

चौकात शेवंता खुर्ची मांडून तयारच होती. पानठेल्यावरची गर्दी वळली. सुशीलनं बापाला वर चढवून कंबर घट्ट धरली. काकाजींनी घसा साफ केला.

"यात्रीगण कृपया ध्यान दें! समता कॉलोनी का सबसे बड़ा गधा इस समय कुर्सी नंबर एक पर खड़ा है!"