घशात अडकलेली पुंगळी

मित्रांनो, मी निशाणबाजीचे एक जुने पिस्तूल आहे. इंझोरीच्या अमरसिंग ठाकुरांच्या देवघरात, देवीच्या तसबिरीखाली, लाल कापडावर मी पडून असते. येणारेजाणारे मला हात जोडतात. माझ्या घशात काडतुसाची एक रिकामी पुंगळी कित्येक वर्षांपासून अडकली आहे, ती मात्र कुणाला दिसत नाही. हात जोडणाऱ्यांना वाकून पाहायची सवय नसते.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. माणसे मारायला नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायला मला घडवले. माझे काडतूस अगदी चिमुकले. त्याच्या बुडाला पातळ काठ असतो. घोडा त्या काठावर आपटला की गोळी सुटते. मग नळी खाली वाकवायची. एक छोटी आकडी तोच काठ पकडते आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकते. जागा मोकळी झाली की पुढचे काडतूस आत. गर्व करण्यासारखे माझ्यात काही असेल, तर ती आकडी.

एक साहेब मला वऱ्हाडात घेऊन आला आणि मायदेशी परतताना अमरसिंगांना देऊन गेला. ठाकुरांची शेती मोठी, मिशी त्याहून मोठी. पण खोटे कशाला बोलू, हात स्थिर होता. बाभळीला टांगलेल्या पत्र्यावर ते नेम धरत आणि पत्रा टण्ण वाजला की गडीमाणसे म्हणत, "ठाकूर, हात हाये का तराजू!" त्या दिवसांत मीही फुशारून जाई.

मग दसरा आला. ठाकुरांच्या आई रुपाबाई हत्यारांची पूजा करत. त्या घराची एक रीत होती. शस्त्र म्हणजे देवी, आणि देवीला घास भरवायचा. जवसाच्या तेलात हळदकुंकू कालवून रुपाबाई तलवारीच्या मुठीला बोट लावत. तलवारीचे त्यात काही बिघडत नाही, तिला पोटच नाही. मला आहे. त्यांनी माझी नळी वाकवून घेतली आणि तेलाकुंकवाचे बोट काडतुसाच्या जागेच्या तोंडावर टेकवून थेंब मायेने आत सोडले. जवसाचे तेल वाळले की त्याचा लेप होतो, हे त्या माउलीला कोण सांगणार?

दरवर्षी घास वाढत गेला आणि माझा घसा आवळत गेला. पुंगळ्या आत चिकटू लागल्या. ठाकूर छत्रीच्या तारेने त्या ढकलत, चाकूच्या टोकाने उचकटत. बिचाऱ्या आकडीची धार बोथटली. शेवटी त्यांनी मला डबीत घालून कारंज्याला नेले, गुलाम नबीकडे.

गुलाम नबी बंदुका दुरुस्त करी. माणूस तोंडाचा फटकळ, पण कामाचा पक्का. दुरुस्तीचा सरकारी परवाना त्याने काचेत बसवून दुकानाच्या भिंतीवर लावला होता. त्या कागदावर त्याचे घर चाले, आणि त्याहून जास्त त्याचा ताठा चाले. मला हातात घेताच तो म्हणाला, "ठाकूरसाहेब, पिस्तूल हाये हे, का खोबऱ्याची वाटी? चाकू कायले घातला आत?"

त्याने आकडी काढली, नवी घडवली, कानशीने तिची धार साधली. तरी पुंगळी अडकलीच. त्याने मला शिवी दिली, आकडीला दिली, विलायतेलाही दिली. मग आरशाच्या तुकड्याने माझ्या घशात ऊन टाकले. आत लालपिवळा लेप चकाकत होता. त्याने करंगळीच्या नखाने तो खरवडला आणि वास घेतला.

"जवस!" तो ओरडला. "अरे, हे तर मी आकडीले उगीच बोल लावून राह्यलो."

रॉकेलच्या बोळ्याने त्याने लेप भिजवला आणि बांबूच्या कामटीने हलक्या हाताने काढला, कारण लोखंड लावले असते तर नळीला ओरखडे पडले असते. मग परसात नेऊन गोळी झाडली. पुंगळी टुणकन उडाली आणि ज्वारी पाखडत बसलेल्या हुस्नाबानोच्या सुपात पडली. नवऱ्याकडे बघत ती म्हणाली, "आता हेही निवडू का?" त्या घरी मी पहिल्यांदा हसणे ऐकले, आणि शेवटचेही.

मला परत देताना नबीने ठाकुरांना बजावले, "बाहेरून काय लावायचं ते लावा. आत तेल नको, कुंकू नको. देवी असंन तर उपाशी ठेवा तिले."

ठाकुरांनी मान डोलावली. त्यांना सारे समजले होते, हे तुम्ही ध्यानात ठेवा.

थोड्याच दिवसांत पुन्हा दसरा आला. रुपाबाईंनी बोट भरले. ठाकूर समोर उभे होते. "माय..." एवढेच म्हणाले. "काय रे?" म्हणून आईने मान वर केली, तर म्हणाले, "काही नाही." आणि माझ्या घशात घास गेला.

थंडीत साहेब लोकांच्या छावणीवर निशाणबाजीची शर्यत भरली. ठाकूर फेटा बांधून गेले. पहिली गोळी ठिपक्याच्या मध्यावर बसली. पुंगळी कशीबशी निघाली. दुसरी गोळीही बसली, पण पुंगळी निघेना. ठाकुरांनी नळी वाकवली, झटकली, नखाने ओढली. आकडी काठावरून निसटत राहिली. साहेब आणि मडमा हसू लागले. ठाकुरांचे कान लाल झाले.

"दुरुस्ती कुणी केली होती?" मोठ्या साहेबाने विचारले.

"कारंज्याच्या गुलाम नबीनं," ठाकूर म्हणाले. ते खरेच होते. खोटे पुढे आहे.

साहेबाने नबीला छावणीवर बोलावले. परवाना घेऊनच ये, असा हुकूम होता. तो काचेसकट घेऊन आला. ठाकूर खुर्चीवर बसले होते आणि मी त्यांच्या मांडीवरच्या डबीत.

"हुजूर," नबी म्हणाला, "बोलाचालीचं काम नाही. डबी उघडा, नळी वाकवा, पुंगळी ढकलून आत पाहा. लालपिवळं दिसलं तर माझा कसूर नाही. अन् आत साफ दिसलं तर परवाना मीच फाडतो."

साहेबाने ठाकुरांकडे पाहिले. ठाकुरांचा हात डबीच्या झाकणावर होता. उघडले असते तर सारी छावणी हसली असती, की ठाकुराची आई पिस्तुलाला कुंकू चारते. आईचे हसे होईल ही भीती होती, की स्वतःचे, ते त्यांचे त्यांना ठाऊक. तो हात झाकणावर दाबला गेला. आत अंधारात मला त्याचे वजन कळले.

"उघडून काय पाह्यचं, साहेब," ठाकूर म्हणाले. "कारागिराच्या हातातच खोट हाये."

मी ओरडले असते, मित्रांनो. पण मला बोलायचे तर गोळी लागते.

परवाना गेला. नबीने दुकान बंद केले आणि आठवडी बाजारात विळ्यांना धार लावत बसू लागला. माझी दुरुस्ती कधीच झाली नाही. दुसऱ्या कारागिराकडे नेले असते, तर त्याने नळी उघडून पाहिलीच असती ना! म्हणून ठाकुरांनी मला देवघरात बसवले. लोकांना वाटले, केवढी ही भक्ती.

बऱ्याच वर्षांनी रुपाबाईंच्या पेटीचे कुलूप अडकले आणि त्यांनी नबीला बोलावणे धाडले. दाढी पिकली होती, बोटे तीच होती. कुलूप उघडून उठताना त्याची नजर माझ्यावर पडली. रुपाबाईंनी ते पाहिले.

"नबी, आमच्या देवीचं तुनं काय बिघडवलं होतं रे?"

ठाकूर दारातच उभे होते. नबीने त्यांच्याकडे पाहिले आणि सावकाश हत्यारे गोळा केली.

"तुमच्या लेकाले इचारा, माय. दुरुस्तीचा परवाना नाही माझ्यापाशी, अन् हे सांगायचा तर नाहीच नाही."

तो गेला. रुपाबाई लेकाकडे वळल्या. "काहून रे?"

"जुनी गोष्ट हाये, माय. जाऊ दे."

या दसऱ्यालाही त्यांनी माझी नळी वाकवली. तेल आत उतरेना. पुंगळी आडवी आली. त्या कौतुकाने म्हणाल्या, "देवीचं पोट भरलं वाटते." आणि ठाकूर शेजारी उभे राहून निरांजन ओवाळत राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी वस्तू असेल तर तिला नमस्कार नाही केलात तरी चालेल. तिला उघडून पुसा. आणि जो तिला पुसून चालती करतो, त्याच्यावर आळ आला तर उभे राहून बोला. माझ्या घशात पुंगळी आहे, म्हणून मी गप्प आहे. अमरसिंगांच्या घशात काय होते?